शेवटच्या पंगतीतले

मतदानाच्या दिवशी काकांचं टेबल कुठे लागणार, हे आमच्या गल्लीत कुणाला सांगावं लागत नसे. शाळेच्या फाटकापासून दोनशे मीटर मोजून, पिठाच्या गिरणीच्या पायरीला लागून. टेबल गिरणीवाल्याचं, खुर्च्या मंगल कार्यालयाच्या आणि मतदारयादी काकांची. यादीतल्या प्रत्येक नावापुढे पेन्सिलीची खूण असे. टिक म्हणजे आपला, फुली म्हणजे त्यांचा, टिंब म्हणजे काठावरचा. दुपारी एकच्या सुमाराला काका यादीवरून बोट फिरवत आणि ज्या टिकवाल्यांचं मत अजून पडलेलं नसे, त्यांच्या घरी आम्हा पोरांना पिटाळत. "वहिनींना सांग, कुकर नंतर लावा, आधी मत टाकून या." चाळीसेक वर्षं त्यांनी हे केलं. मोबदला म्हणजे चहा, आणि कुणी आणून दिलाच तर दुपारी एखादा वडापाव. साधं नगरसेवकपदाचं तिकीटही त्यांनी कधी मागितलं नाही.

२६ फेब्रुवारी २०२३ ला, रविवारी, पुण्यातल्या कसब्याची पोटनिवडणूक होती. त्या दिवशी काकांचं टेबल लागलं नाही. ते घरी बसून पेपर वाचत होते. कोपऱ्यावरचा एक जुना कार्यकर्ता डोकावून गेला, "नाना, येताय ना?" काका म्हणाले, "येईन की. मतदार म्हणून येईन."

दुपारी चारला ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले, मत टाकून आले आणि कुणाला दिलं ते घरात कुणालाही सांगितलं नाही. आमच्या घरात असं पहिल्यांदाच घडत होतं.

कसब्यात काय झालं ते महाराष्ट्राला माहीत आहे. लोकमान्यांच्या घराण्यातल्या, पुण्याच्या माजी महापौर आमदार मुक्ता टिळक २२ डिसेंबर २०२२ ला कर्करोगानं गेल्या. त्याच वर्षीच्या जूनमध्ये, आधी राज्यसभेच्या आणि मग विधान परिषदेच्या मतदानासाठी, त्या दोनदा रुग्णवाहिकेतून मुंबईला गेल्या होत्या. पोटनिवडणुकीत त्यांचे पती इच्छुक होते; भाजपची उमेदवारी महापालिकेच्या स्थायी समितीचे माजी अध्यक्ष हेमंत रासने यांना मिळाली. लगेच पेठेत एक फलक झळकला. कुलकर्ण्यांचा मतदारसंघ गेला, टिळकांचाही गेला, पुढचा नंबर बापटांचा का, असा त्याचा रोख होता. कुलकर्णी म्हणजे कोथरूडच्या मेधा कुलकर्णी. २०१९ मध्ये त्या विद्यमान आमदार असताना ती जागा चंद्रकांत पाटलांना दिली गेली होती. पाच वेळा कसब्यातून निवडून आलेले खासदार गिरीश बापट नाकाला ऑक्सिजनची नळी लावून, चाकाच्या खुर्चीतून प्रचाराच्या मेळाव्याला आले. ते दृश्य पाहून माणसं हळहळली. पण हळहळ मतपेटीपर्यंत पोचतेच असं नाही. २ मार्चला निकाल लागला. काँग्रेसचे रवींद्र धंगेकर सुमारे ११ हजार मतांनी निवडून आले. १९९५ पासून भाजपकडे असलेला मतदारसंघ गेला. त्याच महिन्याच्या २९ तारखेला बापटही गेले.

धंगेकर स्वतःच्या बळावरही जिंकले, हे विसरून चालणार नाही. दुचाकीवरून फिरणारा, दारावर आलेल्याचं काम करणारा नगरसेवक ही त्यांची ओळख पूर्वेकडच्या पेठांत पक्की होती, आणि महाविकास आघाडी त्यांच्यामागे एकवटली होती. पण सदाशिव, नारायण, शनिवार या पेठा दरवेळी जी भक्कम आघाडी देतात, ती या वेळी आटली. तिथल्या लोकांनी काही उठून हाताच्या पंजाला भरभरून मतं दिली नाहीत. बरेच जण नुसते घरी बसले. कारण दुपारी एक वाजता यादीवर बोट फिरवणारं कुणी नव्हतं.

पुण्याच्या लग्नांत एक रीत असते. पाहुण्यांची पंगत आधी बसते, घरच्यांची शेवटी. घरचा माणूस वाढायला उभा राहतो, आग्रह करतो, उष्टी काढतो आणि दुपारी तीनला स्वतः पानावर बसतो तेव्हा जिलबी संपलेली असते, मठ्ठा पातळ झालेला असतो. त्याबद्दल घरचा माणूस सहसा बोलत नाही, कारण कार्य घरचं असतं. त्याचं बिनसतं ते वेगळ्याच कारणानं. पाहुणा म्हणून आलेला माणूस पहिल्या पंगतीला जेवून, हात धुऊन यजमानाच्या जागी उभा राहतो आणि यालाच विचारतो, "आपण मुलीकडचे का?"

भाजपच्या जुन्या मतदाराचं गाऱ्हाणं मी गेली दोन-अडीच वर्षं पुण्यात, डोंबिवलीत, गोव्यात ऐकतो आहे. ते साधारण इतकंच आहे. महागाईबद्दल तो फार बोलत नाही, रस्त्यांबद्दल बोलतो पण त्याला सवय आहे. ३७० कलम, राममंदिर यांवर तो समाधानी आहे. त्याच्या तोंडी दोन शब्द सारखे येतात, 'निष्ठावंत' आणि 'उपरे'. आणि तिसरा शब्द 'सतरंजी'. आम्ही जन्मभर सतरंज्याच उचलायच्या का, हे वाक्य इतकं झिजलं आहे की म्हणणाराही आता अर्ध्यावर थांबतो. पुढचं ऐकणाऱ्याला पाठ असतं.

यात नवं काय, असं कुणी विचारेल. फार काही नाही. २१ ऑक्टोबर १९५१ ला जनसंघ स्थापन झाला, त्याचं चिन्ह होतं पणती. काकांनी चौदाव्या वर्षी, १९६७ च्या निवडणुकीत, वाड्यांच्या भिंतींवर गेरूनं पणत्या काढल्या आहेत. ज्योत उजवीकडे कलली की वडीलधारे ती पुसून पुन्हा काढायला लावत. त्या काळात जनसंघाला मत देणं म्हणजे मत वाया घालवणं, हे देणाऱ्यालाही ठाऊक असे. पण रामभाऊ म्हाळगींसारखा माणूस १९५७ मध्ये मावळातून आमदार होतो आणि वर्षभरात आपण काय केलं याचा छापील अहवाल मतदारांच्या हातात ठेवतो, याचं अप्रूप मोठं होतं. आपला पक्ष हरतो, पण आपली माणसं वेगळी आहेत. या मतदाराची सगळी श्रीमंती या एका वाक्यात होती.

त्यानंतरही तो वरचेवर रुसत आला आहे. बलराज मधोक एकेकाळी जनसंघाचे अध्यक्ष होते. १९७३ मध्ये त्यांना पक्षातून काढलं. १९७७ मध्ये पणती विझवून सगळे जनता पक्षात गेले. १९८० मध्ये भाजप स्थापन झाला आणि त्यानं 'गांधीवादी समाजवाद' स्वीकारला, तेव्हा विजयाराजे शिंद्यांनीच उघड हरकत घेतली. आमच्या वाड्यात तर त्या दोन शब्दांवर महिनाभर वाद चालला होता. गांधीवादी जास्त बोचतं की समाजवाद, यावर. १९८४ मध्ये इंदिराबाईंच्या हत्येनंतर संघाच्या घरांतलीही बरीच मतं राजीव गांधींकडे गेली असं तेव्हापासून बोललं जातं. भाजपला देशभरात दोन जागा मिळाल्या. त्यामुळे 'आमचा मतदार कधी हलत नाही' हे खरं नाही. तो हलतो. पण त्याला हलायला काहीतरी प्रचंड व्हावं लागतं, आणि मग तो परतही येतो.

२ जुलै २०२३ हाही रविवारच होता. त्या दुपारी अजित पवार आणि त्यांच्या आठ सहकाऱ्यांनी शिंदे-फडणवीस सरकारात शपथ घेतली. पाच दिवसांपूर्वी, २७ जूनला, भोपाळच्या सभेत पंतप्रधानांनी राष्ट्रवादीच्या ७० हजार कोटींच्या घोटाळ्यांचा उल्लेख केला होता. सिंचन घोटाळ्याचे कागद बैलगाडीत घालून चितळे समितीकडे नेणारा पक्ष भाजपच. अजित पवार तुरुंगात जातील असं बजावणारं फडणवीसांचं २०१४ च्या प्रचारातलं 'चक्की पिसिंग' आजही कुणाच्याही मोबाइलवर सापडतं. राष्ट्रवादीशी युती कदापि नाही, आपद्धर्म म्हणूनही नाही, हेही तेव्हाच सांगून झालं होतं. नोव्हेंबर २०१९ चा पहाटेचा शपथविधी जुन्या मतदारानं गनिमी कावा म्हणून पोटात घातला होता. ते सरकार जेमतेम ऐंशी तास टिकलं, तेव्हा 'फसवलं त्यांनी आपल्याला' असं म्हणायची सोय होती. या वेळी तीही उरली नाही. शिंद्यांबरोबर बहुमत होतंच. मग हे कशाला, याचं उत्तर शाखेत, बैठकीत, कुठेच धड मिळेना.

पुढच्या वर्षी त्यात भर पडली. ८ फेब्रुवारी २०२४ ला केंद्र सरकारनं काँग्रेसच्या काळातल्या कारभारावर श्वेतपत्रिका मांडली, तिच्यात अशोक चव्हाणांचं मुख्यमंत्रिपद घालवणारा 'आदर्श' घोटाळा होता. १३ फेब्रुवारीला तेच चव्हाण भाजपमध्ये आले, आणि लगोलग राज्यसभेचे उमेदवार झाले. मधे पाच दिवस. डोंबिवलीतल्या एका निवृत्त शिक्षकांनी मला श्वेतपत्रिकेची बातमी आणि प्रवेशाची बातमी अशी दोन कात्रणं एकाच पानावर चिकटवलेली दाखवली. खाली तारखा लाल शाईनं लिहिल्या होत्या. शेरा काही नव्हता. इतिहासाचे शिक्षक होते ते.

लोकसभेला महाराष्ट्रात भाजप २३ वरून ९ वर आला. आणि मग घरचे आहेर सुरू झाले. संघविचाराच्या 'ऑर्गनायझर'मध्ये रतन शारदांनी लिहिलं की बहुमत असताना अजित पवारांना घेणं अनावश्यक होतं. ज्यांच्याशी वर्षानुवर्षं लढलो त्यांनाच सोबत घेतल्यानं समर्थक दुखावले. जुलैत 'विवेक' साप्ताहिकानं मुंबई, कोकण, पश्चिम महाराष्ट्रातल्या दोनशेहून अधिक लोकांशी बोलून तोच सूर नोंदवला. कार्यकर्ता खचलेला नाही, संभ्रमात आहे, असं निदान होतं. माझ्या मते निदान अर्धं बरोबर होतं. संभ्रम कार्यकर्त्याच्या मनात नव्हता. त्याला सगळं स्वच्छ दिसत होतं. फक्त दिसतंय ते मोठ्यानं म्हणायचं की नाही, एवढाच त्याचा प्रश्न होता.

मात्र आकडे थोडे वेगळं सांगतात, आणि ते मला जास्त महत्त्वाचे वाटतात. २०१९ च्या लोकसभेत राज्यात भाजपला २७.८ टक्के मतं होती. २०२४ मध्ये २६.२ टक्के. तेव्हा २५ जागा लढवल्या होत्या, आता २८, म्हणजे घसरण दिसते त्याहून काहीशी मोठी. पण २३ वरून ९ असा कडेलोट व्हावा इतकी नाही. जागा गेल्या त्या मुख्यतः समोरची मतं एकवटली म्हणून. मराठा आरक्षण, कांदा, सोयाबीन, संविधानाची भीती हे सगळं त्यात आलं. रुसलेला निष्ठावंत त्या पराभवाचं श्रेय घ्यायला पुढे आला खरा, पण त्याच्या वाट्याचं श्रेय थोडंच होतं. बहुतेकांनी कुरकुरत का होईना कमळच दाबलं होतं.

हा मतदार सोडून जायचं ठरवतो तेव्हा काय होतं, हे बघायचं तर गोव्याला जावं लागतं. तिथे हा प्रयोग पूर्ण झाला आहे.

२०११ मध्ये दिगंबर कामतांच्या काँग्रेस सरकारनं इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं ठरवलं. मराठी आणि कोकणीसाठी भारतीय भाषा सुरक्षा मंच रस्त्यावर उतरला, त्यात संघाचे गोवा विभाग प्रमुख सुभाष वेलिंगकर पुढे होते आणि विरोधी बाकांवरचा भाजपही सोबत होता. गोव्यातली मनोहर पर्रीकरांची पिढी वेलिंगकर सरांच्या हाताखालून गेलेली. २०१२ मध्ये भाजप २१ जागा घेऊन सत्तेवर आला आणि ते अनुदान चालूच राहिलं. वेलिंगकर चार वर्षं विचारत राहिले. ऑगस्ट २०१६ मध्ये पणजीत अमित शहांना काळे झेंडे दाखवले गेले आणि ३१ ऑगस्टला वेलिंगकरांना संघाच्या जबाबदारीतून मुक्त केलं. शेकडो स्वयंसेवकांनी त्यांच्यामागोमाग काम सोडलं. संघाच्या इतिहासात एखादा प्रदेश असा उघडपणे रुसून बसल्याचं उदाहरण विरळाच.

त्यांनी गोवा सुरक्षा मंच हा पक्ष काढला, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगोप) आणि शिवसेनेशी हातमिळवणी केली. २०१७ मध्ये भाजप १३ वर घसरला, मुख्यमंत्री लक्ष्मीकांत पार्सेकर मांद्रेत पडले. सुरक्षा मंचाला मिळाल्या शून्य जागा. काँग्रेस १७ जागांसह सर्वांत मोठा पक्ष. तरी सरकार भाजपनंच केलं, आणि त्यात मगोप सामील झाला. आठवड्याभरापूर्वीचा मित्र सत्तेत आणि निष्ठावंत मोकळ्या मैदानात. २०१९ ची पणजीची पोटनिवडणूक वेलिंगकरांनी स्वतः लढवली, पण हजार मतंही मिळाली नाहीत. जिंकले काँग्रेसचे बाबुश मोन्सेरात. १९९४ पासूनचा पर्रीकरांचा बालेकिल्ला त्यांनी घेतला आणि दोन महिन्यांत, दहा आमदारांच्या गटासह, ते भाजपमध्ये आले. २०२२ मध्ये पक्षानं पणजीची उमेदवारी त्यांनाच दिली. पर्रीकरांचे पुत्र उत्पल अपक्ष उभे राहिले आणि ७१६ मतांनी हरले. निकालानंतर मोन्सेरातांनी जाहीर तक्रार केली की भाजपच्या कार्यकर्त्यांची मतं आपल्याला पडलीच नाहीत. जिंकलेला उमेदवार स्वतःच्याच पक्षाच्या मतदारावर रागावलेला; राजकारणात असे क्षण थोडे.

गोष्ट इथेही संपत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये काँग्रेसचे आठ आमदार भाजपमध्ये आले, त्यांत दिगंबर कामत होते. ऑगस्ट २०२५ मध्ये ते मंत्री झाले.

पणजीतल्या एका वाचनालयाच्या व्हरांड्यात एक वयस्क गृहस्थ मला हे सगळं सांगत होते. स्वतः मराठी शाळेसाठी पदरमोड केलेले. मी विचारलं, मग आता मत कुणाला? त्यांनी चष्मा पुसला. "आमी खंय वचप?" म्हणजे आम्ही जायचं कुठे?

खरा पेच तो आहे. इंग्लंडमध्ये जुलै २०२४ मध्ये हुजूर पक्षाचा मतदार असाच चिडला होता, पण त्याला जायला दार होतं. आपल्याच आळीत, चार घरं पलीकडे नायजेल फराज यांचा रिफॉर्म पक्ष होता. त्यानं १४ टक्के मतं नेली आणि ३६५ जागांचा हुजूर पक्ष १२१ वर आला. आपल्याकडे सुरक्षा मंच शून्यावर राहतो. कसब्यात हिंदू महासंघाचे आनंद दवे उभे राहिले, त्यांना मिळालेली मतं एखाद्या मोठ्या सोसायटीत मावावीत. चार घरं पलीकडे कुणीही नाही; थेट नदी ओलांडून पलीकडच्या काठावर जायचं, आणि तिथे तर आयुष्यभर ज्यांना फुली मारली ते बसलेले. म्हणून हा मतदार पोटनिवडणुकीत रुसतो. तिथे सरकार पडत नाही, फार तर नाक कापलं जातं. पुण्यात त्याची ताकद तेवढीच, आणि पक्षानं ती अचूक मोजली आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ते दिसलं. लोकसभेच्या धक्क्यानंतर संघ पुन्हा कामाला लागला. 'सजग रहो'च्या नावानं दिवाणखान्यांत दहा-पंधरा जणांच्या बैठका झाल्या. मी अशा एका बैठकीला बसलो होतो. अजित पवारांचा विषय निघालाच. उत्तर द्यायला आलेल्या माणसानं तो नाकारला नाही, समर्थनही केलं नाही. "ते नंतर बघू," म्हणाला, "आधी मालेगाव आणि धुळ्याचे आकडे बघा." धुळे लोकसभेत पाच विधानसभा क्षेत्रांत भाजप पुढे आणि एका मालेगाव मध्यमुळे पराभव, हे उदाहरण तेव्हा प्रत्येक बैठकीत होतं. खोलीतला राग दहा मिनिटांत भीतीत बदलला. पोहे आले तेव्हा कुणी सिंचनाबद्दल बोलत नव्हतं. १४९ जागा लढवून भाजपनं १३२ जिंकल्या. कसब्यात रासन्यांनी धंगेकरांना १९ हजारांहून अधिक मतांनी हरवलं. कोथरूडमध्ये चंद्रकांत पाटलांचं मताधिक्य लाखावर गेलं. मेधा कुलकर्णी तोवर राज्यसभेत पोचल्या होत्या.

ही बाजू लिहिताना मला माझ्याच माणसांचा एक हिशेब मांडला पाहिजे. 'आपला पक्ष' या शब्दांतला 'आपला' नेहमीच स्वच्छ नव्हता. वसंतराव भागवतांनी माळी, धनगर, वंजारी जोडायला घेतले, मुंडे-महाजनांची पिढी उभी केली, तेव्हाही पेठेत नाकं मुरडली गेली होती. तेव्हा आलेले उपरे नव्हते, भ्रष्टही नव्हते. फक्त आपल्यातले नव्हते. आज तिकिटावरून जो आवाज उठतो त्यात तत्त्व किती आणि आडनाव किती, हे ज्याचं त्यानं तपासावं. पेठेपुरता राहिला असता तर हा पक्ष आजही पणती घेऊन भिंतीवरच असता. म्हणून टिळकांना डावलल्याचा राग आणि सिंचनाच्या बैलगाडीचा राग मी एका तागडीत घालत नाही. पहिला मानापमानाचा आहे. दुसरा खरा आहे, कारण त्यात मतदाराला खोटं पाडलं गेलं. पंधरा वर्षं त्यानं शेजाऱ्यापाजाऱ्यांना जे पटवलं, त्याची किंमत त्याच्याच देखत शून्य झाली. पण निवडणुकीच्या तोंडावर पहिल्या रागाचं निवारण होतं, एक राज्यसभा, एक प्रवक्तेपद देऊन. दुसऱ्याबद्दल कुणी बोलतही नाही.

आणि गेलं ते मत नाही. मतं आहेतच. २६.२ टक्के लोकसभेला, २६.८ टक्के विधानसभेला. गेली ती दुपारी एक वाजताची यादी. फुकट राबणारा, स्वतःच्या अब्रूवर शेजाऱ्याचं मत मागणारा माणूस पक्षाला आता लागत नाही; कॉल सेंटर आहे, अ‍ॅप आहे, महिन्याला दीड हजार रुपये 'लाडक्या बहिणीं'च्या खात्यात जातात. त्यापुढे काकांच्या पेन्सिलीचं मोल ते काय!

२० नोव्हेंबर २०२४ ला सकाळी सव्वासातला मी काकांबरोबर मतदानाला गेलो. गिरणी बंद होऊन तिथे मोबाइलचं दुकान झालं आहे. पायरीशी टेबल होतं, घडीचं, नवं कोरं. मागे एकसारख्या टी-शर्टातली तीन मुलं. त्यांतल्या एकानं हातातल्या मशीनवर बोट ठेवून अदबीनं विचारलं, "आजोबा, नाव काय तुमचं?" काकांनी नाव सांगितलं. मशीनमधून चिठ्ठी आली, कमळाच्या चित्रासकट. काकांनी ती वाचली, अनुक्रमांक बरोबर आहे ना ते पाहिलं आणि खिशात ठेवली. मत कुणाला दिलं ते या वेळी त्यांनी विचारण्याआधीच सांगितलं. आणि मग, रस्ता ओलांडताना, २०२३ चंही सांगून टाकलं. धंगेकरांना.

मार्च २०२५ मध्ये रवींद्र धंगेकर काँग्रेस सोडून एकनाथ शिंद्यांच्या शिवसेनेत गेले. म्हणजे भाजपच्याच महायुतीत.